जेट उपटणाऱ्या मालकास, खालच्या खाचरातून

श्री. बंगलेमालक,
मुक्काम शनिवार-रविवार, मुळशी धरणाचा काठ,
यांस



पत्रास कारण की, तुमच्या संडासातला कागद यंदा माझ्या भातात उतरला. पहिल्याच ओळीत असल्या विषयाला हात घातला म्हणून रागावू नका. या विषयाला हात लावायची तुम्हाला किळस आहे हे मला ठाऊक आहे. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झालाय.

आधी तुमचं अभिनंदन करतो. तुमच्या गच्चीतून समोर 18-20 टीएमसी पाणी दिसतं. जूनपासून मागच्या डोंगरावरून पाणी कोसळायला लागतं ते सप्टेंबर संपेपर्यंत थांबत नाही. पलीकडच्या ताम्हिणीत 2024 च्या जुलैत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. पुण्याला अख्ख्या वर्षात सातशेच्या आसपास होतो. अशा जागी घर बांधायचं, त्यात पाच न्हाणीघरं काढायची आणि पाचांतही कोरड्या कागदावर भागवायचं, याला छाती लागते. राजस्थानातल्या माणसालासुद्धा एवढा संयम जमत नाही. तो बिचारा वाळवंटात राहूनही लोटाभर पाणी बाजूला काढून ठेवतोच.

या पाण्याची जुनी हकीकत तुम्हाला प्लॉटच्या माहितीपत्रकात मिळाली नसणार, तिथे 'लेक व्ह्यू' एवढंच छापतात. 1921 च्या रामनवमीला, 16 एप्रिलला, टाटांच्या धरणाविरुद्ध इथले मावळे सत्याग्रहाला बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात सेनापती झाले, विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने तुरुंगात गेले. शेवटी व्हायचं ते झालं. मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यातली पन्नासेक गावं उठली, पाणी बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याला गेलं आणि तिथे तयार झालेली वीज मुंबईला. तेच पाणी पुढे कुंडलिकेत सोडतात, तेव्हा कोलाडला लोक पैसे मोजून त्यात रबरी होड्या घालतात. आमच्या वरच्या वाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन खाली उतरतात, तो कार्यक्रम मात्र फुकट बघायला मिळतो. सांगायचा मुद्दा, या धरणाच्या पाण्यावर शंभर वर्षांत पुष्कळांनी राग धरला. पण त्याच्याशी इतका कडकडीत असहकार सेनापती बापटांनाही जमला नव्हता. तो मान तुमचा.

मला तुमच्या न्हाणीघराचं दर्शन आषाढात झालं. तुमचा केअरटेकर आमच्याच वाडीतला पोरगा. सोमवारी सकाळी धावत आला, म्हणाला, 'काका, खालचा संडास वर आलाय.' दोन दिवसांत पाहुणे वीस-बावीस होते म्हणे, वाढदिवस होता. आत गेलो तर पांढरीशुभ्र भिंत, कोपऱ्यात वेताची टोपली, टोपलीत कागदाच्या गुंडाळ्या आणि शेजारी ओल्या वाइप्सचा डबा. डब्यावर 'फ्लशेबल' असं छापलेलं. कमोडच्या उजव्या हाताला, जिथे धुण्याचा जेट असायला हवा, तिथे नळाच्या तोंडाला बूच. मी विचारलं, जेट कुठाय? पोरगा म्हणाला, डिझायनर मॅडमनी काढायला लावला, भिंत स्वच्छ दिसत नव्हती.

भिंत स्वच्छ दिसते, यात वाद नाही. बाकीचं काय काय स्वच्छ राहिलं ते बघायला आम्ही झाकण उघडलं.

शहरात तुम्ही बटण दाबता आणि विषय संपतो. तिथे जमिनीखाली ड्रेनेजची लाइन असते, आणि ती पुढे कुठे जाते ते कुणी विचारत नाही. इकडे आमच्या डोंगरउतारावर लाइन नाही. तुमचं सगळं तुमच्याच जमिनीत, सेप्टिक टँकमध्ये राहतं. तिथे जड माल तळाशी बसतो, तेलकट-तरंगतं वर सायीसारखं धरतं आणि मधलं निवळलेलं पाणी एका वाकड्या नळीतून शोषखड्ड्यात जातं. तळातला गाळ जिवाणू हळूहळू खातात. उरलेला दोन-तीन वर्षांनी गाडी बोलावून उपसायचा असतो. या व्यवस्थेला मैला चालतो, पाणी चालतं, बेताचा साबण चालतो. कागद कुजतो, पण सावकाश. वीस माणसांनी दोन दिवसांत ढकललेला कागद कुजायला तुमचा सोमवार पुरत नाही. आणि ओल्या वाइप्स? पुष्कळांत पॉलिस्टरचा धागा असतो. त्या कुजतच नाहीत. पाण्यात फुगतात, एकमेकींत गुंततात आणि नेमक्या त्या वाकड्या नळीच्या तोंडाशी जाऊन बसतात. डब्यावर छापलंय ते खरंच आहे म्हणा, बटण दाबलं की जातात. मीही तुमची मोटारीची किल्ली कमोडमध्ये टाकून बटण दाबलं तर ती जाईल.

लंडनमध्ये 2017 साली व्हाइटचॅपल भागातल्या गटारात चरबी आणि वाइप्स यांचा 250 मीटर लांब, 130 टन वजनाचा गोळा सापडला होता. तो फोडून बाहेर काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले. त्या गटाराच्या मानाने तुमची टाकी म्हणजे खेळणं. तिने एका वाढदिवसातच हात टेकले. वरून पाऊस, शोषखड्ड्यात आधीच जमिनीचं पाणी भरलेलं, मग तुंबलेलं सगळं झाकणाच्या फटीतून निघालं, ओहोळाला लागलं आणि बांध ओलांडून माझ्या खाचरात आलं. लावणी होऊन आठ दिवसही झाले नव्हते. इंद्रायणीच्या रोपांच्या बुडाशी पांढऱ्या चिंध्या. बायको म्हणाली, यंदा खत पुणेकरांकडून आलंय.

खताला मी नाही म्हणत नाही, साहेब. आमच्या बापजाद्यांनी सोनखत पाहिलेलं आहे. कोकणगांधी आप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचं खत करणारे साधे संडास बांधून दाखवले. हा माणूस 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होता. मला मैला साफ करण्याचं काम द्या, एवढीच त्याची मागणी. उच्च जातीच्या कैद्याला ते काम देता येत नाही म्हणून सरकारने नाकारलं, तेव्हा त्याने उपास सुरू केला, आणि त्याच्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधींनीही डिसेंबरात उपास केला. आप्पासाहेबांचा वसा देहूच्या डॉक्टर मापुसकरांनी घेतला. सरकारी दवाखान्यात पोटाच्या विकारांचे रोगी तपासता तपासता हा डॉक्टर संडासांकडे वळला आणि संडासाला जोडलेला 'मलप्रभा' बायोगॅस त्याने उभा केला. 2017 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा ते हयात नव्हते. देहू तुमच्या बंगल्यापासून गाडीने फार लांब नाही. एखाद्या शनिवारी पिझ्झा आणायला जाताना वाकडी वाट करा. या दोघांच्या संडासांत मैला जिरत होता, गॅस होत होता, खत होत होतं. सुगंधी वाइप्सचं खत करायचं तंत्र मात्र दोघांनाही सापडलं नाही. तुमच्या डिझायनर मॅडमना सापडलं असल्यास कळवावं.

आता जे सांगतो ते जरा थांबून वाचा. टाकी उपसायला मैल्याची गाडी बोलावली. गाडीचा पाइप टाकीत सोडला, पाच मिनिटांत पाइपाच्या तोंडाला वाइप्सचा बोळा बसला आणि पंप धापा टाकायला लागला. ड्रायव्हरने पाइप झटकला, पुन्हा सोडला, पुन्हा तेच. तेव्हा तुमच्या ओळखीचे एक गृहस्थ, जे चावी घ्यायला म्हणून आले होते, सहज म्हणाले, 'कुणीतरी आत उतरून हाताने काढा ना.'

कुणीतरी. हा कुणीतरी कोण असतो, त्याचं आडनाव साधारण काय असतं आणि तो कुठल्या वस्तीतून येतो, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. 2013 च्या कायद्याने सुरक्षेची साधनं न देता माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. टाकीतल्या वायूने मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तीच रक्कम तीस लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागली, यावरून माणसं उतरायची थांबलेली नाहीत हे तुमच्या लक्षात येईलच. ड्रायव्हर शहाणा होता. त्याने नकार दिला आणि लांब बांबूला आकडा बांधून दुपारपर्यंत बोळे ओढले. स्वतःच्या अंगाला स्वतःचा हात लावायचा नाही, हा तुमचा सोवळेपणा. तो जपायला दुसऱ्याचा हात कोपरापर्यंत आत जायची वेळ आली, एवढाच त्याचा हिशेब.

तुमचा निरोप मला नंतर मिळाला, की कागद वापरण्यामागे पाणी वाचवण्याचा हेतू आहे. वाचून गहिवरलो. तुमच्या अंगणातला पोहण्याचा तलाव मी दर शुक्रवारी भरताना पाहतो. जेटला एका खेपेला फारसं पाणी लागत नाही. तुमच्या कमोडची टाकी एका दाबाला सहा लिटर सोडते, आणि कागदाचा बोळा पहिल्या दाबाला जात नाही म्हणून पाहुणे दुसऱ्यांदा दाबतात, हे पोरगं मला सांगून गेलंय. कागदाचा लगदा करायला लागलेलं पाणी तर वेगळंच, ते दुसऱ्या कुणाच्या तरी नदीतून गेलं. झाडंही दुसऱ्या कुणाची. अमेरिकेत जगाची जेमतेम चार टक्के माणसं राहतात, पण जगातल्या टिश्यू कागदाचा पाचवा हिस्सा ती संपवतात, आणि त्यासाठी कॅनडातली जुनी जंगलं तुटतात, असं अमेरिकेतल्याच पर्यावरणवाल्यांनी 2019 च्या अहवालात लिहून ठेवलंय. आपल्याकडे निदान हे एक खातं कोरं होतं. ते तुम्ही उघडलंत.

आणि ज्यांच्याकडे बघून उघडलंत, ते कुठे निघालेत ते तरी बघा. इटलीत 1975 पासून घर बांधताना बिडे, म्हणजे धुण्याचं भांडं, बसवणं कायद्यानेच सक्तीचं आहे. जपानच्या टोटो कंपनीने 1980 मध्ये आपोआप कोमट पाणी सोडणारी बैठक काढली आणि सगळा देश धुवायला लागला. फिनलंडमध्ये बेसिनशेजारी हातात धरायचा फवारा असतोच. मार्च 2020 मध्ये कागदासाठी दुकानांत मारामाऱ्या झाल्या. ऑस्ट्रेलियातल्या एका वर्तमानपत्राने तर कोरी आठ पानं छापून दिली, फाडा आणि वापरा. त्या महिन्यांत अमेरिकन लोक बिडेच्या मागे धावत होते आणि न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी माणसांचं काहीही अडलं नव्हतं. त्यांच्या न्हाणीघरात, कुंड्यांना पाणी घालायची झारी म्हणून आणलेलं टमरेल पहिल्या दिवसापासून कमोडमागे उभं आहे. ते लपवून ठेवतात, ही गोष्ट वेगळी. तुम्ही मुळशीत राहून कागद मिरवता, ते न्यू जर्सीत राहून टमरेल लपवतात. दोघांच्या मध्ये कुठेतरी मराठी अस्मिता उभी असणार.

'धुतल्यावर ओलं राहतं त्याचं काय?' हा तुमचा दुसरा आक्षेप. खरा आहे. त्याला उत्तर तुमच्याच कपाटात पडलंय. परदेशात हल्ली कापडाचे चौकोनी तुकडे विकतात, कडेला बटणं लावून गुंडाळी करता येते असे, आणि त्यावर 'झिरो वेस्ट'ची चिठ्ठी. इकडे आमच्या आजीने विटलेलं लुगडं फाडायला कधी चिठ्ठीची वाट पाहिली नाही. अर्ध्याचं दुपटं, उरलेल्याचे लंगोट, त्यातूनही उरलं तर चुलीवरची फडकी. तुमच्यासाठी रीत लिहून देतो, नोकराला न सांगता स्वतःच करण्याजोगी आहे. जुना सुती पंचा किंवा धोतर घ्यायचं. नवं नको, नवं पाणी शोषत नाही. वीतभर चौकोन कापून कडा दुमडून शिवायच्या. आधी जेटने किंवा टमरेलाने नीट धुवायचं, कापडाने फक्त पाणी टिपायचं. हा क्रम उलटा केलात तर पुढचं पत्र तुमच्या घरातूनच तुम्हाला येईल. वापरलेलं कापड झाकणाच्या डब्यात, प्रत्येकाचं वेगळं. धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात भिजवून धुवायचं आणि कडक उन्हात वाळत घालायचं. घरात कुणाला हगवण लागली असेल तर त्याचं कापड उकळायचं, नाहीतर जाळायचं, तिथे काटकसर नको.

ऊन कुठाय, असं विचाराल. हा प्रश्न तुम्ही विचारला असता तर तुमच्याबद्दल माझं मत सुधारलं असतं, कारण तो मुळशीत राहणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे. इथे आषाढ-श्रावणात शर्टसुद्धा तिसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो. आम्ही चुलीच्या वर वलणी बांधतो, धुरकट वास येतो पण कोरडं होतं. तुमच्याकडे चूल नाही, पण पंखा आहे, इस्त्री आहे. इस्त्रीने तर चांगलंच, जंतू मरतात. आणि तेवढाही व्याप नको असेल तर दोन मिनिटं थांबा. पाणी आपोआप सुकतं. शनिवारी तुम्हाला एवढी कसली घाई असते?

तुमच्या नातवंडाच्या बाबतीतही तेच. पिशवीभर वाइप्स लागतात म्हणे एका दिवसाला. कोमट पाणी, मऊ फडकं, झालं. हे तुमच्या सूनबाईंना आमच्या अंगणवाडीच्या ताईही सांगतील. वाइप्स वापरायच्याच असतील तर कमोडमध्ये नाही, कागदात गुंडाळून कचऱ्यात. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायकांनी अशाच कचऱ्यासाठी लाल ठिपक्याची मोहीम चालवली, म्हणजे पुडीवर लाल ठिपका काढायचा, उघडणाऱ्या हाताला आधीच कळतं. तुम्ही पुण्यात ठिपका काढत असालच. मुळशीत तुमची लाल शाई संपते काय?

थोडं तुमच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर म्हणाल एकांगी लिहिलं. ज्याचं ऑपरेशन झालंय, ज्याचा हात मागे जात नाही, ज्याला वाकता येत नाही, त्याला कागद लागतो, त्याने तो खुशाल वापरावा आणि झाकणाच्या डब्यात टाकावा. जेटचंही सगळं बरंच आहे असं नाही. तुमच्या घरी प्रेशर पंप आहे, म्हणजे पहिल्या पाहुण्याची किंकाळी वरच्या वाडीपर्यंत ऐकू येईल. अँगल कॉक अर्धाच उघडा ठेवायचा, आणि वापर झाला की बंद, नाहीतर नळी फुटते आणि सोमवारी पुन्हा मलाच यावं लागतं.

तेव्हा असं केलंय. पौडच्या दुकानातून एक जेट, दीड मीटर नळी आणि अँगल कॉक आणून तुमच्या केअरटेकरकडे ठेवलंय. पावती सोबत जोडली आहे. पाचही न्हाणीघरांचा खर्च तुमच्या एका टोपलीपेक्षा कमी होईल. बूच पान्याने सुटतं, टेफ्लॉन टेप आमच्याकडे आहे, पोराला काम येतं. फक्त मालकाचा होकार लागतो, तो फोनवर दिलात तरी चालेल. मैल्याच्या गाडीचे पैसे तुम्ही दिलेत, त्याबद्दल आभार. खाचरातल्या चिंध्या वेचायला दोन बायका दोन दिवस लावल्या, त्यांची मजुरी अजून यायची आहे. ती दिवाळीच्या आत द्यावी, कारण त्यानंतर झोडणी निघते आणि मला तुमच्या मागे फिरायला वेळ नसतो.

कळावे, लोभ असावा, पण थोडा कमी पाठवावा.

तुमच्या खालचा,
एक भातवाला

ता. क. टोपलीतल्या उरलेल्या गुंडाळ्या मागच्या आठवड्यात उंदरांनी नेल्या. माळ्यावर पिलं झाली आहेत. केअरटेकर विचारतोय, नव्या गुंडाळ्या आणून ठेवू का. मी त्याला तुमचं उत्तर येईपर्यंत थांबायला सांगितलंय.